‘देव चांगला आहे’ म्हणायला जीभ रेटत नाही

ताई,

माझं वय ४३. सव्वा वर्षापूर्वी एका सकाळी माझ्या मिस्टरांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली, असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. पाय थोडा सुधारला, काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. बोलणं मात्र ‘हो’, ‘नाही’ आणि एखाद-दुसऱ्या शब्दावर अडलं आहे. त्यातही ‘हो’ म्हणायचं असतं तेव्हा तोंडून ‘नाही’ निघतं. मग चिडतात, हातातली वस्तू फेकतात. मी नोकरी सोडली. मुलगा ११ वर्षांचा आहे. परवा तो म्हणाला, “देवाला आपले बाबा आवडत नाहीत का?”

आमच्या मंडळीतले (चर्चमधले) एक वडीलधारे भेटायला आले होते. म्हणाले, कुठेतरी विश्वास कमी पडतोय, घरात काही लपलेलं पाप असेल तर ते कबूल करा. बाकीचे म्हणतात, देव जे करतो ते चांगल्यासाठीच. उपासनेत सगळे देवाच्या चांगुलपणाचं गीत गातात तेव्हा मी नुसते ओठ हलवते. देव चांगला आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. रोज रात्री त्यांच्याजवळ बसून मी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणते, निव्वळ सवयीने. तेव्हा तेही माझ्याबरोबर म्हणतात, जवळजवळ अखेरपर्यंत. ज्यांना माझं नाव घेता येत नाही, पाणी मागता येत नाही, त्यांना प्रार्थना येते. लोकांना हे ऐकून आनंद होईल. मला राग येतो. देवाशी बोलता येतं आणि माझ्याशी नाही?

मी ढोंगी झाले आहे का? माझ्यात विश्वास उरला आहे का? आणि मुलाला काय सांगू?

– एक वाचक

---

प्रिय भगिनी,

तुम्ही ढोंगी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पत्रातले बाकीचे सगळे प्रश्न या एका भीतीखाली दबलेले दिसतात. तुमचं पत्र बरंच मोठं होतं, इथे थोडक्यात छापलं आहे. मूळ पत्रात तुम्ही देवावर ओळीमागून ओळ तक्रार केली आहे, आणि एकाही ओळीत त्याच्याकडे पाठ फिरवलेली नाही. ज्याला देवाशी काही देणंघेणं उरलं नाही, त्याला देवाचा राग येत नाही. तो आपल्या कामाला लागतो. तुम्ही अजून त्याच्या दारात उभ्या राहून भांडता आहात. मी याला विश्वासच म्हणते. दमलेला, ठेचकाळलेला, पण विश्वासच.

उपासनेत ओठ हलतात आणि आवाज निघत नाही, याचंही वाईट वाटून घेऊ नका. आपल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत एकच प्रश्न चार वेळा येतो: कोठवर? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. अशी गाणी कुणी वहीत लपवून ठेवली नव्हती. ती देवाच्या लोकांनी एकत्र येऊन, उपासनेत गायची गाणी होती. आपल्या मंडळ्यांमध्ये आनंदाची गीतं पुष्कळ गायली जातात आणि विलापाची फारच थोडी, हे मला फार दिवस खुपतं आहे. दुःखात असलेल्या माणसाला त्यामुळे वाटतं की आपल्या मनात आहे ते इथे म्हणण्यासारखं नाही. तसं नाहीये. तुमच्या मनात आहे ते पवित्र शास्त्रात शब्दशः लिहिलेलं आहे.

येत्या रविवारी ओठ हलवू नका. गप्प उभ्या राहा. बाकीचे गातील, गाऊ द्या. तुम्हाला जे म्हणता येत नाही ते त्या दिवसापुरतं ते तुमच्या वतीने म्हणतील. आणि घरी आल्यावर तेरावं स्तोत्र मोठ्याने वाचा. सहाच वचनं आहेत. पाचव्या वचनापासून त्याचा सूर बदलतो, गाणारा देवाच्या दयेवर भरवसा ठेवतो. तुमचं मन अजून चौथ्या वचनापर्यंतच आलं असेल तर तिथेच थांबा. ओढूनताणून पुढे जायची गरज नाही.

आता त्या वडीलधाऱ्यांविषयी. इथे मी स्पष्टच लिहिणार आहे, कारण अशी वाक्यं माणसाला आजारापेक्षा जास्त मारतात. ते म्हणाले ते चुकीचं आहे. वयाने कितीही मोठे असोत आणि कितीही प्रेमाने म्हणाले असोत, चुकीचं आहे. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांध माणसाकडे बघून येशूला हाच प्रश्न विचारतात, की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. पापाचा हिशेब मांडायला बसत नाही, त्या माणसाकडे वळतो. तुमच्या मिस्टरांच्या मेंदूत गुठळी अडकली. पक्षाघाताचं सगळ्यात मोठं कारण वाढलेला रक्तदाब असतं आणि तो कित्येकदा काहीच लक्षण न दाखवता वर्षानुवर्षं वाढलेला असतो. मधुमेह, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, तंबाखू ही आणखी काही कारणं. या यादीत बायकोचा कमी पडलेला विश्वास नाही. त्यांचा पुढचा झटका टळावा म्हणून लपलेलं पाप शोधू नका, रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका.

बायबलमधल्या ईयोबाचे मित्र आठवा. त्या सज्जन माणसाची मुलं, संपत्ती आणि आरोग्य, सगळं गेलं होतं. ते आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी केलेली ती सगळ्यात चांगली गोष्ट. मग त्यांनी तोंड उघडलं आणि अध्यायच्या अध्याय त्याला पटवत राहिले की तुझंच काहीतरी चुकलं असणार. शेवटच्या अध्यायात देवाचा कोप कुणावर होतो? या मित्रांवर. ईयोबाने देवाला नाही नाही ते सुनावलं होतं, त्याला न्यायालयात खेचायची भाषा केली होती. तरी देव म्हणतो की माझ्याविषयी जे बरोबर आहे ते माझा सेवक ईयोब बोलला, तुम्ही नाही. हे वाचताना मला दर वेळी धीर येतो. देवाची बाजू घेऊन दुःखिताला टोचणाऱ्यांपेक्षा देवाला त्याच्यावर ओरडणारा ईयोब जवळचा वाटला.

ते गृहस्थ पुन्हा आले आणि पुन्हा तेच म्हणाले, तर वाद घालू नका. “काका, कारण शोधू नका, आमच्यासाठी प्रार्थना करा आणि जमलं तर तासभर यांच्याजवळ बसा,” एवढंच म्हणा. बसले तर उत्तम.

दुसरं वाक्य जास्त अवघड आहे, कारण ते अर्धं खरं आहे. देव जे करतो ते चांगल्यासाठीच. लोक हे म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय असतो. पण ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे असं म्हणत नाही की जे जे घडतं ते चांगलं. त्याच अध्यायात तो सांगतो की सगळी सृष्टी प्रसूतीच्या वेदनांत असल्यासारखी कण्हते आहे, आपणही कण्हतो, आणि आपल्याला प्रार्थना कशी करावी हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा शब्दांत न येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. वाईटाला चांगलं म्हणा, अशी मागणी पौलाची नाही. जे वाईट आहे ते वाईटच, आणि देव त्यातही काम करतो, तेही वाया जाऊ देत नाही, असं तो म्हणतो. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्या मिस्टरांची वाचा गेली हे चांगलं झालं नाही. तसं म्हणायची सक्ती तुमच्यावर कुणी करू नये, तुम्हीही स्वतःवर करू नका.

लाजर हा मित्र मेला तेव्हा येशू बेथानीला गेला. आपण थोड्याच वेळात त्याला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होतं. तरी लाजरची बहीण मरीया हिला आणि तिच्याबरोबरच्या लोकांना रडताना पाहून तो व्याकूळ झाला आणि रडला. शेवट चांगला होणार आहे म्हणून आजचं रडू खोटं, असं त्याने मानलं नाही. माझ्यासाठी देवाच्या चांगुलपणाची ओळख इथे आहे. आणि याहून जास्त गेथशेमाने बागेत आहे. पुत्राने पित्याजवळ मागितलं की हा प्याला माझ्यापुढून टळून जावो. प्याला टळला नाही. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर त्याने बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, की माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? तुमचा प्रश्न येशूच्या तोंडात होता. त्यामुळे तुम्ही जेव्हा देवाला विचारता की का, तेव्हा तो प्रश्न दुरून ऐकणाऱ्या कुणाला विचारत नसता. ज्याने तो स्वतः विचारला, त्याला विचारता. देव चांगला आहे असं मी म्हणते ते या एका गोष्टीच्या आधारावर. माझ्या आयुष्यातल्या बऱ्या-वाईट घटनांची बेरीज-वजाबाकी करून तसं म्हणता आलं असतं, असं मला वाटत नाही.

‘का’चं उत्तर मात्र मी देणार नाही. ईयोबालाही ते मिळालं नव्हतं. त्याला वाचकांइतकंही सांगितलं गेलं नाही, पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय घडलं याची त्याला शेवटपर्यंत कल्पना नव्हती. त्याला देव भेटला. कारण मिळालं नाही.

आता रात्रीच्या त्या प्रार्थनेकडे येते. तुमच्या पत्रातला हाच भाग मी पुन्हा पुन्हा वाचला.

आधी वैद्यकीय बाजू समजून घ्या, कारण त्याने तुमचा अर्धा राग उतरेल. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की पुष्कळ जणांची भाषा जाते. अक्कल जात नाही, ओळख जात नाही, प्रेम जात नाही. मनातल्या गोष्टीसाठी नेमका शब्द शोधून काढणं जमेनासं होतं. तुमचं नाव उच्चारायचं तर शब्दाची निवड करावी लागते, पाणी मागायचं तर करावी लागते, आणि तीच वाट बंद झाली आहे. पण जे लहानपणापासून पाठ आहे, ज्यात पुढचा शब्द मागच्या शब्दाच्या पाठोपाठ आपोआप येतो, ते कित्येकदा शाबूत राहतं. एक ते दहा आकडे, आठवड्याचे वार, जुनी गाणी, प्रार्थना. स्पीच थेरपिस्टना हे चांगलं माहीत असतं. बोलू न शकणारे काही रुग्ण गाऊ शकतात, आणि सुरांचा आधार घेऊन बोलणं परत आणायची उपचाराची एक पद्धतही आहे. तेव्हा ते देवाशी बोलतात आणि तुमच्याशी बोलत नाहीत, असं झालेलं नाही. ते तुमच्या आवाजाबरोबर चालतात. तुम्ही सुरुवात करता, म्हणून त्यांना पुढचं येतं.

हे स्पीच थेरपिस्टना नक्की सांगा, शक्य असेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकवा. उपचार मध्येच थांबले असतील तर पुन्हा सुरू करता येतील का, हेही विचारा. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या काही महिन्यांत होतो हे खरं, पण भाषा त्यानंतरही हळूहळू, वर्षांनंतरही, काही प्रमाणात परत येताना दिसते. आणि रात्री म्हणताना ओळ अर्धी सोडून थांबून बघा. ‘हे आमच्या स्वर्गातील’ म्हणून गप्प राहा. पुढचा शब्द त्यांनी एकट्याने घेतला, तर तो शब्द त्यांनी तुम्हाला दिलेला आहे.

याला मी चमत्कार म्हणणार नाही. शरीरात त्याचं कारण आहे. पण कृपा म्हणायला कारण नसलेलीच गोष्ट लागते असं कुणी सांगितलं? लहानपणी कुणीतरी त्यांना ती प्रार्थना शिकवली. कितीतरी संध्याकाळी त्यांनी ती लक्ष नसताना, झोप येत असताना, खेळायला पळायच्या घाईत म्हटली असेल. त्या सगळ्या कोरड्या वाटणाऱ्या संध्याकाळी आतमध्ये काहीतरी साठत होतं, आणि घराला आग लागल्यावर जसं भिंतीत पुरलेलं तेवढं वाचावं, तसं तेवढं वाचलं. तुम्ही लिहिता की तुम्हीही ती निव्वळ सवयीने म्हणता. भगिनी, सवयीने म्हणत राहा. आज तुमच्यात भाव नाही म्हणून ती प्रार्थना पोकळ ठरत नाही. भाव परत येईल तेव्हा येईल. तोवर शब्द तुम्हा दोघांना एका ठिकाणी बसवताहेत, हे थोडं नाही.

त्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती आजची. पुढच्या वर्षाची नाही. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळायचा तोही एका दिवसापुरता, शब्बाथाच्या (विसाव्याच्या दिवसाच्या) आदल्या दिवशी तेवढा दोन दिवसांचा. उद्यासाठी म्हणून एरवी राखून ठेवला की त्यात किडे पडायचे. रात्री दोन वाजता तुम्ही छताकडे बघत विचार करता की हे असंच राहिलं तर पाच वर्षांनी काय, मुलाच्या कॉलेजचं काय, मी आजारी पडले तर काय. हे प्रश्न खोटे नाहीत, पण त्यांचं उत्तर रात्री दोन वाजता मिळत नाही. पैशांचा आणि पुढच्या सोयीचा विचार दिवसा, कुणाला तरी सोबत घेऊन, कागदावर करा. रात्री फक्त त्या रात्रीपुरतं मागा. विलापगीत लिहिणाऱ्याने देवाची करुणा रोज सकाळी नवी होते असं लिहिलं, ते पुस्तकाच्या मधोमध, तिसऱ्या अध्यायात. त्याआधीही रडणं आहे आणि नंतरही. पाचव्या अध्यायाच्या शेवटीसुद्धा यरुशलेम उद्ध्वस्तच आहे. ज्याला काहीही परत मिळालेलं नव्हतं त्याने ते लिहिलं, म्हणून मला ते खरं वाटतं.

तुमच्यात विश्वास उरला आहे का, असं तुम्ही विचारता. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. पक्षाघात झालेल्या एका माणसाला चौघांनी बाजेसकट उचलून आणलं, गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून छप्पर उसकटलं आणि त्याला येशूपुढे खाली सोडलं. सगळ्यांना त्यातलं बरं होणं आठवतं. मला कळतं की तुमच्या घरात ही गोष्ट वाचणं सोपं नाही. तो माणूस बाज उचलून चालत घरी गेला आणि तुमचे मिस्टर अजून काठीवर आहेत. बरं करण्याचं वचन म्हणून ही गोष्ट मी तुमच्यापुढे ठेवत नाही. याच बायबलमध्ये पौल आहे, ज्याने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, एवढंच त्याला सांगण्यात आलं. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची हिंमत कोण करेल? तेव्हा बरं होण्यासाठी खुशाल मागा, रोज मागा, लाजू नका. पण त्याच्या उत्तरावरून देवाचं तुमच्यावरचं प्रेम मोजू नका.

त्या गोष्टीतलं मला दाखवायचं आहे ते वेगळंच. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. आणणाऱ्यांचा. बाजेवर पडलेल्याच्या मनात काय चाललं होतं याची तिथे चौकशीही नाही. कदाचित तो वैतागला असेल, कदाचित त्याने आशा सोडली असेल. त्याला उचलणारे होते, तेवढं त्या दिवशी पुरलं.

तुमचे चौघं कोण? गेलं सव्वा वर्ष बाजेची चारही टोकं तुम्ही एकट्याच धरून आहात असं दिसतं. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून गेलेली माणसं तुमच्याकडे नक्कीच असतील. त्यांतले बरेच जण मनापासून म्हणालेले असतात, फक्त काय करायचं ते त्यांना कळत नाही. त्यांना वार आणि वेळ सांगा. दर मंगळवारी संध्याकाळी दोन तास यांच्याजवळ बसाल का? तपासणीच्या दिवशी सोबत याल का? मुलाला आठवड्यातून एकदा मैदानावर न्याल का? आणि चौथ्या कुणाला तरी, बहुतेक एखाद्या मैत्रिणीलाच, असं सांगा की माझ्याने सध्या प्रार्थना होत नाही, माझ्या वाटणीची तू कर. पाळकांना हे पत्र दाखवलंत तरी चालेल. माणसांकडे मदत मागणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं, अशी समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. देवाची कृपा आपल्यापर्यंत बहुतेक वेळा कुणाच्या तरी हातून येते. ते हात आपणच दारातून परत पाठवू नयेत.

ते दोन तास मिळाले की काय करायचं? झोपा. एलीया संदेष्टा झुडुपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिलं, दूताकडून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं त्यानंतर, कितीतरी दिवसांनी, डोंगरावर. थकलेल्या शरीराला सगळं जग देवाने टाकल्यासारखं दिसतं, त्यातलं काही झोपेनेच निवळतं. काही निवळत नाही, त्यासाठी डॉक्टर आहेत. झोप लागत नाही, कारण नसताना रडू येतं, कशातच मन लागत नाही असं आठवड्यामागून आठवडे चाललं असेल, किंवा मरणाचा विचार मनात येत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा, आणि मरणाचा विचार असेल तर आजच, जवळच्या माणसाला सोबत घेऊन. मिस्टरांच्या चिडण्याविषयीही त्यांच्या डॉक्टरांशी बोला. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि बोलता न येणाऱ्या माणसात ते रागाच्या रूपाने दिसू शकतं. त्यावर औषधं आहेत. ती घेतल्याने कुणाचाही विश्वास उणा होत नाही.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य तुम्हाला कुणी ना कुणी सांगितलंच असेल. सोळाव्या वर्षी दुष्काळात वडील गेले, मागोमाग आई आणि मोठी बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं होण्याच्या आत, १८८२ मध्ये, नवरा गेला आणि पदरात तान्ही मुलगी राहिली. पुढे त्यांनी हजारो निराधार स्त्रियांना आणि मुलींना आसरा दिला, मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. लोक हे सांगतात आणि म्हणतात, बघा, देवाने यासाठीच त्यांना ते दुःख दिलं. मला ते पटत नाही. १८८२ मध्ये त्या तरुण विधवेला यातलं काहीच दिसत नव्हतं, आणि १९२१ मध्ये, साठी ओलांडल्यावर, तीच एकुलती मुलगी त्यांच्या आधी गेली. तिच्या जाण्याने कुठलं नवं काम उभं राहिलं असा हिशेब कुणी मांडू शकत नाही. त्या आणखी वर्षभरसुद्धा जगल्या नाहीत, पण भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. मला त्यांच्यात हे दिसतं, की दुःखाचा अर्थ लागण्याची वाट न बघता त्या पुढच्या दिवसाचं काम करत राहिल्या आणि देवाला धरून राहिल्या. तुमच्याकडून मोठ्या कार्याची अपेक्षा कुणी करत नाही. तुम्ही करता आहात ते आजचं काम पुरेसं मोठं आहे.

राहिला मुलगा. त्याला उत्तर हवंच आहे आणि ते खरं हवं. त्याच्याजवळ बसून असं काही सांगा: “बाबांच्या मेंदूकडे रक्त नेणारी एक नळी बंद पडली, म्हणून ते आजारी झाले. देवाने त्यांना शिक्षा केलेली नाही. देवाला बाबा आवडतात, तूही आवडतोस. तो त्यांना लगेच बरं का करत नाही हे मला कळत नाही, मीसुद्धा त्याला रोज तेच विचारते. तुला राग आला असेल तर तूही विचार, तो रागावणार नाही.” आईला सगळं ठाऊक नाही हे ऐकून मुलांचा विश्वास ढळत नाही. मोठ्यांनी गोड गोड सांगितलेलं पुढे खोटं निघालं की ढळतो.

आणि एक विचारा त्याला, अगदी सहज. हे माझ्यामुळे झालं असं तुला कधी वाटलं का? या वयातली मुलं पुष्कळदा असं काहीतरी मनात धरून बसतात. आदल्या दिवशी बाबांशी भांडण झालं होतं, बाबांना उलट बोललो होतो, म्हणून झालं, असं. ते बोलून दाखवत नाहीत, देवाच्या नावाने वेगळाच प्रश्न विचारतात. तसं असेल तर ते आजच मोकळं होऊ दे. त्याला ‘आता तूच घरातला मोठा’ असं कुणी म्हणत असेल तर थांबवा. त्याला अकरा वर्षांचाच राहू द्या. पण बाबांसाठी काहीतरी करायची संधीही द्या. रात्रीच्या प्रार्थनेला त्यालाही बोलवा, ओळ अर्धी सोडण्याचं काम त्याच्याकडे सोपवा. मुलं हे मोठ्यांपेक्षा चांगलं करतात, थांबायला लाजत नाहीत.

स्पीच थेरपिस्ट काय म्हणाले ते कळवा. मंगळवारी कोण येणार हेही ठरलं की लिहा. तुम्हा तिघांसाठी मी रोज प्रार्थना करते आहे. तुम्हाला जमेल तेव्हा तुम्ही करा, नाही जमलं तर त्या दिवशीची माझ्याकडे राहू द्या.

तुमची,
ताई